घड्याळ उघडं असताना

ज्या खोलीत घड्याळ उघडं आहे त्या खोलीत केर काढायचा नाही. पंखा लावायचा नाही. आणि बाहेर पडताना उंबऱ्यावर थांबून तळपाय दाखवायचे. सिडकोतल्या त्या घरी मी वरची खोली भाड्याने घ्यायला गेले, तेव्हा पाण्याची वेळ आणि गेटची कडी यांच्याही आधी घरमालकांनी मला हे सांगितलं. मी सोयगावची. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मीच. वाळूजच्या एका कंपनीत गुणवत्ता तपासणीची नोकरी लागली होती आणि बाबा मला सोडायला आले होते. घरमालकांचं बोलणं ऐकून बाबांनी माझ्याकडे पाहिलं. दुसरीकडे बघू या का, असं त्यांच्या नजरेत होतं. तेवढ्यात घरमालकीण चहा घेऊन आल्या.

"घाबरू नका," त्या बाबांना म्हणाल्या. "डोकं ठिकाणावर हाय त्यांचं. फक्त त्यात घड्याळं जास्त झालीत."

त्या दोघांना मी लवकरच काका आणि काकू म्हणू लागले, आणि आजही तेच म्हणते.

काकांची नोकरीही वाळूजलाच झालेली. एका कारखान्यात मापं तपासायची जी थंड, बंद खोली असते, तिथे ते प्रमुख होते. त्यांच्या वडिलांचं शहागंजात घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. ते दुकान वडिलांबरोबर गेलं, पण हात काकांकडे राहिला. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातल्या मागच्या खोलीत टेबल मांडलं आणि फक्त जुनी, भारी घड्याळं हातात घ्यायला सुरुवात केली. बाहेर पाटी नव्हती. तरी पुण्याहून, हैदराबादहून माणसं यायची आणि गल्लीच्या तोंडाशी उभी राहून फोन करायची. फोन बऱ्याचदा लागायचा, पण उचलला जायचा नाही. कारण घरातले सगळे मोबाइल पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात घालून ओट्यावर ठेवलेले असत. लोहचुंबकाचा वारासुद्धा टेबलाला लागता कामा नये, असं काकांचं म्हणणं. डबा थरथरू लागला की काकू म्हणायच्या, "बघ गं, डब्यात कोण ओरडतंय."

टेबलाशी बसलेले काका पाहण्यासारखे असायचे. काकूंच्या जुन्या सुती साडीचा एक तुकडा ते गळ्याला बांधत आणि त्याची दोन टोकं टेबलाच्या हुकांना अडकवत. हातून काही निसटलं तर ते त्या झोळीत पडावं, म्हणून ही सोय. त्यामुळे काका टेबलाला बांधल्यासारखे दिसत. दाराची बेल वाजली की उठता यायचं नाही. ते तिथूनच ओरडायचे, "कोण हाय? थांबा, मी अडकलोय." पहिल्यांदा आलेल्या माणसाला वाटायचं, आत काहीतरी झालंय.

पंख्याच्या बटनावर काळी चिकटपट्टी होती. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते गळ्याभोवती ओला पंचा गुंडाळून बसत. गिऱ्हाईकाने रुमालाने वारा घ्यायला सुरुवात केली तर नम्रपणे सांगत, "बाहेर कूलर हाय साहेब. तिथं जाऊन घाम पुसून या. इथं वारा नको."

तळपाय दाखवण्याचं मला सुरुवातीला फार अवघड वाटलं. पण त्याचीही रीत ठरलेली होती. पुरुषांचे पाय काका तपासायचे, बायकांचे काकू. उंबऱ्याशी एक बुटकं स्टूल होतं, त्यावर एकेक पाय ठेवायचा. घड्याळातला स्क्रू तिळाहून लहान असतो. तो पडला आणि कुणाच्या तळव्याला चिकटून घराबाहेर गेला तर सगळं शहर झाडून काढलं तरी मिळणार नाही. नालासाठी बैलाचा पाय धरतात तसा काका चांगल्या चांगल्या माणसांचा पाय धरायचे. एकदा मोठ्या पदावरचे एक निवृत्त अधिकारी मोजे काढायला तयार होईनात. काका म्हणाले, "मग जेवायला थांबा. घड्याळ पूर्ण होऊन झाकण बंद होईस्तोवर तुम्हाला सोडता येणार नाय." ते साहेब हसत हसत मोजे काढू लागले.

पण ते काम कसं करायचे, हेच मला सांगायचं आहे. घड्याळ आलं की पहिला दिवस नुसतं बघण्यात जायचा. फोटोपुरता माझा फोन डब्यातून बाहेर निघायचा. समोरून, मागून, चारही बाजूंनी फोटो काढून झाले की तो परत डब्यात. मग काका घड्याळाच्या बाहेरच्या अंगाला पातळ चिकटपट्टी लावून घेत, म्हणजे झाकण उघडताना हत्यार निसटलं तरी नवा ओरखडा पडणार नाही. आतलं वाळलेलं तेल धुवायचं, नवं तेल घालायचं, झिजलेलं असेल तेवढंच बदलायचं. बदललेला जुना भाग कागदाच्या पुडीत बांधून मालकाला परत. "नवं काय बसवलं हे मालकाला ठाऊक पाहिजे," ते म्हणायचे, "आणि उद्या त्याच्याकडून घेणाऱ्यालाबी." डायल पुन्हा रंगवायची नाही, मग ती कितीही पिवळी पडलेली असो. आणि घासायचं नाही. जुन्या कारागिरांची पद्धत अशी की झाकणाच्या आतल्या बाजूला आपली बारीक खूण खरडून ठेवायची. काका तेही करत नसत. "आपण पाहुणे. पाहुण्यानं भिंतीवर नाव लिहू नये."

घासण्यावरून त्यांची भांडणं व्हायची. एक बांधकामवाले गृहस्थ आजोबांचं सोन्याचं घड्याळ घेऊन आले होते. मुलाच्या लग्नात घालायचं होतं, आरशासारखं चमकवून हवं होतं.

काकांनी त्यांच्या हातात भिंग दिलं. "ही कड बघा. दिसली धार? ज्या दिवशी कारखान्यात कापली त्या दिवसाची हाय. आजोबांनी वापरली, वडिलांनी वापरली, तरी शाबूत. ह्याला एकदा पॉलिशचं चाक लागलं की साबणाची वडी होती. मग जाणकार माणूस हातात घेतो आणि न बोलता खाली ठेवतो."

"पण काका, लग्न आहे."

"मग सुटाला कडक इस्त्री करा."

"लोक काय म्हणतील, जुनाट घड्याळ घातलंय?"

"म्हणू द्या. जुनंच हाय." मग थोडं नरमून ते म्हणाले, "घड्याळाला आंघोळ घालतो मी. कातडी सोलत नाय."

गृहस्थ रागावून घड्याळ घेऊन गेले. काही दिवसांनी ते तसंच, न घासता परत घेऊन आले. काकांनी मागचा एक शब्दही काढला नाही. नुसतं विचारलं, "चहा घेणार का आधी पाय धुणार?"

अशा काकांना मी एकदा माझ्या बाबांचं घड्याळ दाखवलं. बाबांचं ते साधं, चावीचं घड्याळ. जयंतीच्या मिरवणुकीला आणि तहसीलच्या कामाला जाताना तेवढं हातात घालायचे, आणि जयंतीच्या आदल्या दिवशी चुलीतल्या राखेने घासायचे, जशी आई तांब्या घासायची. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी ते मला दिलं. मागचं पोलाद घासून घासून गुळगुळीत झालेलं, त्यावरची अक्षरंही गेलेली. काका भिंग लावून बराच वेळ बघत राहिले. आता मला चांगलंच ऐकून घ्यावं लागणार, असं वाटून मी राखेचं आधीच सांगून टाकलं.

"व्हय, कळलं ते," काका म्हणाले. "पण गोल बघ कसं झिजलंय. कुठं कमी नाय, कुठं जास्त नाय. लई मन लावून घासलंय माणसानं." त्यांनी ते आतून धुऊन, तेल घालून दिलं. पहिल्या दिवशी नुसतं बघण्यात वेळ घालवला, फोटो काढायला लावले, पाठीला चिकटपट्टी लावली. परदेशी सोन्याच्या घड्याळाला जे करत ते सगळं. मी बाबांना हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "घर चांगलं मिळालं तुला."

आता डॉक्टरबाईंची गोष्ट सांगते. काकांचं नाव निघालं की मला तीच आधी आठवते.

शहागंजात डॉक्टरबाईंच्या वडिलांचा दवाखाना होता. वडील गेले, छत खचलं, दवाखान्याला कुलूप लागलं. बाई स्वतः एका खासगी रुग्णालयात नोकरी करत होत्या, पण त्यांना अब्बांचा दवाखाना पुन्हा उघडायचा होता. त्यासाठी विकता येईल अशी एकच वस्तू घरात होती. अब्बांचं स्विस घड्याळ. सोन्याचं, पातळ, हाताने चावी द्यायचं. आखातात नोकरी करणारा त्यांचा धाकटा भाऊ रजेवर आला होता आणि त्याने पुण्यातले एक संग्राहक शोधून काढले होते. संग्राहकांची अट होती की घड्याळ घासलेलं नसावं आणि डायल मूळची, जशीच्या तशी असावी. ते रविवारी दुपारी स्वतः येऊन बघणार होते.

अडचण अशी की घड्याळ हलवलं की आत खुळखुळ वाजायचं. त्या डायलवर आकडे नव्हते. आकड्यांच्या जागी सोन्याच्या बारीक पट्ट्या बसवलेल्या होत्या, तांदळाच्या कणीएवढ्या. त्यातली नऊच्या जागेची पट्टी सुटून काचेखाली फिरत होती. अशा पट्टीला मागे केसासारखे दोन खिळे असतात, डायलच्या भोकांत ते बसतात. त्या पट्टीचे खिळे मुडपून तुटले होते, टोकं तेवढी उरली होती.

"काका, ये ठीक होगा ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं होतं.

"होईल. लाखेचा एक कण लावून बसवू. लाख अशासाठी, की उद्या कुणाला काढायची झाली तर सुखानं निघावी."

शनिवारी सकाळपर्यंत सगळं काम झालं होतं. पट्टी बसवायची तेवढी राहिली होती. काकांनी ती पातळ बटर पेपरच्या तुकड्यावर काढून ठेवली होती. अशा वेळी त्यावर ते काचेची वाटी पालथी घालायचे. पण लाख मऊ करण्यासाठी दिवा लावण्यात ते गुंतले आणि वाटी बाजूलाच राहिली. मी शेजारी टॉर्च धरून उभी होते, काकू कोपऱ्यात बसल्या होत्या. डॉक्टरबाई आणि त्यांचा भाऊ दाराशी स्टुलांवर बसले होते. भाऊ उन्हातून आलेला, घामाने भिजलेला.

"या अल्ला, इधर तो आदमी उबल जाएगा," असं म्हणत तो सहज उठला, बटनावरची चिकटपट्टी सोलली आणि पंखा लावला.

कागद उडाला. तो आम्हाला दिसला, पट्टी मात्र कुणालाच दिसली नाही.

काही पडलं की जागचं हलायचं नाही, असं काका नेहमी सांगायचे. त्या दिवशी ते स्वतःच हलले. गळ्याची झोळी तटकन तुटली, अनवाणी पायांनी ते धावत गेले आणि पंखा बंद केला. मग परत येऊन उघड्या घड्याळावर काचेचं भांडं ठेवलं आणि तिथेच उभे राहिले. खोलीत फक्त पंखा थांबत आल्याचा आवाज होता.

"गलती माझी आहे अंकल," भाऊ म्हणाला. त्याचं तोंड उतरलं होतं.

"पंखा तुम्ही लावला," काका म्हणाले. "वाटी मी घातली नव्हती. वाटी असती तर वादळात बसून काम केलं असतं."

मग शोध सुरू झाला. पांढऱ्या चादरी अंथरल्या. आम्ही सगळे गुडघ्यांवर रांगत होतो, टॉर्च जमिनीला तिरपा धरून, म्हणजे लहान वस्तूचीही सावली पडते. टेबलाचे खण, खिडकीची फट, भावाच्या शर्टाची घडी, माझी ओढणी, काकूंचा सोडलेला अंबाडा, सगळं तपासून झालं. काकांनी भावाचे तळपाय पुन्हा पुन्हा बघितले. काकूंनी माझे आणि डॉक्टरबाईंचे बघितले. दुपार टळून गेली.

शेवटी भाऊ हळूच म्हणाला, "अंकल, सराफे में अपना दोस्त है. एक पट्टी क्या, लगेच बनवून देईल."

"त्याला कशाला तरास? मीच बनवीन. ह्या भिंगातनंबी ओळखू यायची नाय."

"मग प्रॉब्लेम काय?"

"प्रॉब्लेम काय नाय. फक्त उद्या त्या पुण्याच्या साहेबांना मी सांगणार, की नऊची पट्टी माझी हाय. बाकीच्या घड्याळाबरोबर जन्मलेल्या."

"बताना ज़रूरी है क्या?"

डॉक्टरबाई भिंतीला टेकून जमिनीवरच बसल्या होत्या. त्या भावाला म्हणाल्या, "एका औषधाच्या बाटलीत दुसरं औषध भरून देशील तू? दिसायला सारखंच असतं की." मग काकांकडे वळून म्हणाल्या, "जे असेल ते सांगा काका. नहीं लेंगे तो नहीं लेंगे. छत पुन्हा बघू." हे सगळं त्या शांतपणे बोलल्या, पण बोलताना नजर फरशीवरून हलत नव्हती. अजूनही शोधतच होत्या.

ते गेल्यावर काकांनी खोलीला कुलूप लावलं. जेवले नाहीत.

रविवारी सकाळी मी खाली आले तेव्हा काका मागच्या ओट्यावर खुर्चीत बसले होते. चष्मा हातात, नजर कुठेच नाही. दुसऱ्याच्या घरचं छत आपल्या हातून पडलं, असा त्यांचा चेहरा. काकांच्या टाचांना भेगा होत्या, मराठवाड्यातल्या जमिनीसारख्या. त्यांवर एरंडेल आणि मेणाचं मलम लावायचं काम काकूंचं. आदल्या दिवशी ते राहून गेलं होतं. काकू वाटी घेऊन समोर पाटावर बसल्या.

"पाय."

"आज नको."

"भेगांना रविवारची सुट्टी नसती. पाय इकडं करा."

काकांनी पाय पुढे केला. काकू रोजच्यासारखा अंगठ्याने मलम चोळू लागल्या, आणि त्यांचा हात थांबला.

"हे काय टोचतंय?"

"कुसळ असंल."

"ओट्यावर कुठलं कुसळ?" त्यांनी पाय उजेडाकडे वळवला. मग मला म्हणाल्या, "माझा चष्मा आण गं."

चष्मा लावून त्यांनी नीट पाहिलं. टाचेच्या एका खोल भेगेत, तेलाने ओली होऊन, काहीतरी पिवळं चमकत होतं. पट्टीच्या मोडक्या खिळ्यांची टोकं त्या जाड कातडीत रुतली होती. काका पंखा बंद करायला धावले तेव्हाच ती त्यांनी पायाखाली घेतली होती. त्यांच्याबरोबर ती घरभर हिंडली होती, पाहुण्यांना निरोप द्यायला व्हरांड्यापर्यंतही जाऊन आली होती.

काका स्वतःची टाच बघायला वाकू लागले आणि खुर्चीसकट कलंडायला लागले.

"हलू नका," काकू म्हणाल्या. "पडलं की हलायचं नाय ना? तुमचाच कायदा."

मी काकांचा चिमटा आणून दिला. काका सूचना देऊ लागले, कुठं धरायचं, किती जोर द्यायचा. काकूंनी ऐकून घेतलं नाही. शेतात वाढलेली बाई, काटे काढण्यात आयुष्य गेलेलं. एकदाच हलकेच ओढलं आणि पट्टी बशीत ठेवली.

"साऱ्या गावाचे पाय बघितले मी," काका म्हणाले.

"गावाचे बघितले. तुमचे कोण बघणार व्हतं?"

काकांनी मान हलवली, आणि मग ते हसू लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ते सगळं पाणी हसण्याचंच होतं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी मला डब्यातला फोन काढायला लावला आणि डॉक्टरबाईंना कळवायला सांगितलं. पलीकडून भाऊ बोलला, "आपा रो रही है. आम्ही येतोय."

पट्टी धुऊन, लाखेच्या कणावर बसवून, काच लावून घड्याळ दुपारच्या आत तयार झालं.

पुण्याचे गृहस्थ कमी बोलणारे होते. ते भिंग काढून बघत असतानाच काकांनी सगळं सांगून टाकलं. आतली स्प्रिंग नवी, जुनी या पुडीत आहे. नऊची पट्टी सुटली होती, ती लाखेवर बसवली आहे. मध्ये एक दिवस ती हरवली होती आणि आज सकाळी माझ्या टाचेत सापडली. भावाने डोळे मिटून घेतले. गृहस्थांनी भिंग खाली केलं.

"टाचेचं सांगितलं नसतंत तरी चाललं असतं."

"चाललं असतं," काका म्हणाले. "पण एक दिवस ती घड्याळात नव्हती. कुठं व्हती ते तुम्हाला ठाऊक असावं."

गृहस्थांनी पुन्हा भिंग लावलं. कडा पाहिल्या, डायल पाहिली, त्या पट्टीवर बराच वेळ थांबले. मग घड्याळ कानाशी नेलं आणि डॉक्टरबाईंना म्हणाले, "घेतो मी." बाईंनी घड्याळ एकदाच परत मागून घेतलं, चावी दिली आणि त्यांच्या हातात ठेवलं. जाताना बाईंनी उंबऱ्याशी थांबून सवयीने पाय वर केला. काकू म्हणाल्या, "जाऊ दे आता माय."

शहागंजातल्या त्या दवाखान्याला आता नवं छत आहे. मी तापाचं औषध आणायला तिथेच जाते. बाई मला रांगेत उभं राहू देत नाहीत.

माझी नोकरी अजून वाळूजलाच आहे, पण आता मी वेगळ्या घरात राहते. कामावर नवीन मुलं येतात, खराब भाग दिसला की लगेच कुणाचं चुकलं ते शोधू लागतात. मी त्यांना आधी बघायला सांगते, आणि आपली वाटी कुठे होती ते विचारते. वाटी म्हणजे काय, हे त्यांना एकदा समजावून सांगावं लागतं.

मागच्या महिन्यात काकांकडे गेले. मागच्या खोलीत घड्याळ उघडं होतं. केर तसाच, पंख्याच्या बटनावर नवी काळी पट्टी. काकांना चहासाठी बाहेर यायचं होतं. उंबऱ्यापाशी चौकटीला धरून ते एका पायावर उभे होते, दुसरा पाय बुटक्या स्टुलावर, आणि काकू स्वयंपाकघरात चष्मा शोधत होत्या.

"सावकाश शोध," काका स्वयंपाकघराकडे ओरडून म्हणाले. "मी हाय उभा."